लॅब ९ महिन्यांचा झालाय, चादरी फाडतोय, रात्रभर भुंकतोय... देऊन टाकू का कुणाला?

टफीची_आई | १९ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितीय इथं, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, रो हाउस आहे, वर गच्ची. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि मुलगा, तो सातवीत. मागच्या गणपतीच्या सुमारास मुलानं कुत्र्यासाठी दोन दिवस जेवण सोडलं आणि शेवटी आम्ही हरलो, लॅब्राडॉर आणला, फिकट पिवळा, नाव टफी. तेव्हा ओंजळीत मावायचा, सगळी कॉलनी बघायला यायची, सासूबाईसुद्धा नको नको म्हणत मांडीवर घ्यायच्या. आता तोच टफी मागच्या पायांवर उभा राहिला की पंजे माझ्या खांद्याला लागतात.

मी शाळेत आहे, मिस्टर एमआयडीसीत. साडेनऊ ते सहा घरात फक्त सासूबाई, आणि त्यांना आता त्याची भीती वाटते, त्यांच्या अंगावर एकदा उडी मारली होती प्रेमानं, त्या पडता पडता वाचल्या. म्हणून त्याला गच्चीवर बांधतो. तर त्यानं काय करावं, आधी चपला, मग झाडू, मग कुंडीतला मोगरा मुळासकट, आणि मागच्या सोमवारी सासूबाईंची माहेरची चादर. मोराचं डिझाईन असलेली, तीस वर्षं जपलेली, धुऊन वाळत घातली होती. साखळी कुठवर पोचते याचा माझा अंदाज चुकला. संध्याकाळी वर गेले तर चादरीच्या पट्ट्या पट्ट्या, आणि हा त्यातल्याच एका पट्टीवर हनुवटी टेकवून झोपलेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत हो, नुसत्या पट्ट्या गोळा करत बसल्या. ते जास्त लागलं.

रात्री वेगळंच. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली की हा वरून सुरू, दोन अडीचपर्यंत. शेजारचे दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा येतील तेव्हा चहा घ्यायला नक्की येणार नाहीत. आणि परवा सासूबाईंनी त्याचं भांडं उचलायला हात घातला तर गुरगुरला, दात दाखवले. मिस्टर म्हणतात आता बास, बार्शीकडं चुलत दिरांचं शेत आहे तिथं सोडू, मोकळ्या हवेत राहील. मुलगा कालपासून बोलत नाही कुणाशी.

लॅब शांत असतो, माणसाळू असतो असं सगळ्यांनी सांगितलं होतं. आमचाच असा निघाला का? वय वाढल्यावर सुधारतो का देऊन टाकलेलं बरं? खरं खरं सांगा.

कडकभाकरी | १९ एप्रिल, रात्री ११:५८

ताई, तो काय बी चुकीचं करूना, क्वालिटी चेक करूलालाय चादरीची. सोलापूरचा कुत्रा हाय शेवटी. हाहा. चेष्टा जाऊ द्या, पण आमच्या मामाकडं बी लॅब होता, त्यानं नवाकोरा सोफा आतून पोकळ केलता. दोन वर्षं लई तरास दिला मग एकदम गुणी झाला. थांबा थोडं, लगेच नका देऊ.

दवाखान्यातला | २० एप्रिल, सकाळी ७:१५

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. जनावरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काम करतोय, रोज पंधरावीस कुत्री हातात येतात, तेवढ्या अनुभवावर बोलतो.

स्वभावाचं नंतर बघू. आधी एवढं सांगा, तो दिवसभरात चालतो किती, गच्चीवर सावली कशाची आहे, पाणी कशात ठेवता, खायला काय घालता, आणि लसी कुठवर झाल्यात. लाजू नका, आहे तसं लिहा. आमच्याकडं येणारी निम्मी माणसं टेबलापाशी उभी राहून खोटं बोलतात आणि कुत्र्याचं वजन खरं सांगतं.

टफीची_आई | २० एप्रिल, दुपारी १:३०

शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहितीय. सकाळी मुलगा कोपऱ्यापर्यंत नेतो, दहा मिनिटं, शी झाली की परत. संध्याकाळी जमलं तर, म्हणजे खरं सांगायचं तर आठवड्यातनं दोनदा. गच्चीवर पत्र्याचं शेड करून दिलंय. पाणी स्टीलच्या पातेल्यात, पण नळाला पाणी चार पाच दिवसांनी येतं आमच्याकडं, त्यामुळं अगदी भरभरून नाही ठेवत, आणि तसंही दुपारपर्यंत तो पालथं करून टाकतो. खायला दोन वेळा दूध भाकरी, उरलेला भात वरण, रविवारी मटणाची हाडं. शेंगा चटणी लागलेली भाकरी तर फार आवडीनं खातो. लसीची दोन इंजेक्शनं झाली, मग मुलाच्या परीक्षा, माझे पेपर तपासणं, रेबीजचं राहिलं बहुतेक. फाइल सापडत नाही. मागच्या महिन्यात अंग गरम लागत होतं म्हणून मिस्टरांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली होती, त्यानंतर बरा वाटला.

लिहिल्यावर मलाच कसंतरी होतंय.

दवाखान्यातला | २० एप्रिल, रात्री ९:५०

ताई, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून सविस्तर लिहितो, दवाखाना आत्ताच बंद केला.

साडेनऊ ते सहा म्हणजे साडेआठ तास, वर रात्रीचे आठ धरा. चोवीसातले साडेसोळा तास हा पोरगा साखळीला, आणि बाहेरची दुनिया बघायला मिळते दहा मिनिटं. पोरगाच म्हणतोय कारण नऊ महिने म्हणजे लॅबचं ऐन वात्रट वय, अंगानं बाप्या आणि डोक्यानं तुमच्या सातवीतल्यापेक्षा लहान, दीड दोन वर्षांपर्यंत हे असंच चालतं. आणि जात कुठली आणलीत बघा. लॅब्राडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली काम करायचे, बर्फासारख्या पाण्यात उड्या टाकून जाळी, सुटलेले मासे तोंडात धरून आणायचे. नंतर इंग्लंडात शिकारीतले पक्षी उचलून आणायला ठेवले. म्हणजे दिवसभर धावणं, पोहणं आणि तोंडात काहीतरी धरून मालकापाशी आणणं हे त्याच्या रक्तात आहे. त्याला तुम्ही एप्रिलमध्ये सोलापूरच्या गच्चीवर बांधलंय आणि तोंडासमोर चादर लोंबतीय. तो दुसरं काय करणार? आणि त्या पट्टीवर हनुवटी टेकून झोपला होता म्हणता ना, त्या चादरीला घरच्यांचा वास होता. बाकी मी काही बोलत नाही.

पत्र्याचं शेड उद्याच्या उद्या बंद करा. हे सगळ्यात आधी. आपल्याकडं बाहेर ४२-४३ असतं तेव्हा पत्र्याखाली तवा होतो, खालचा स्लॅब वेगळाच भाजतो. तुम्ही स्वतः दुपारी दोनला तिथं अनवाणी उभ्या राहून बघा, आणि नाही राहिलात पाच मिनिटं तर मला सांगा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडा पंजांच्या गादीतनं, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो, आणि भोवतालची हवाच तापलेली असली की धापा टाकूनही उपयोग नाही. मे महिन्यात आमच्याकडं ऊन लागलेली कुत्री येतात, जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटतात, काही वाटेतच जातात. कधी असं दिसलं तर पोटावर, काखेत, पंजांवर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच ओलं दवाखान्यात आणा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आतली गरमी आतच राहते.

पाण्याचं मला कळतं, माझ्या घरी पण पाचव्या दिवशीच येतं. पण कुत्र्याच्या पाण्यात काटकसर नको. किलोमागं साधारण ५०-६० मिली रोज लागतं, म्हणजे २५ किलोच्या लॅबला दीड लिटर, आणि उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. पातेलं पालथं करतो कारण ते हलकं आहे आणि तापतं. मातीची जड पसरट कुंडी मिळते कुंभाराकडं, भोक नसलेली, ती घ्या, पाणी गार राहतं आणि हलत नाही.

खाण्याचं. ज्वारीच्या भाकरीशी माझं भांडण नाही, पण वाढत्या लॅबला नुसती दूध भाकरी म्हणजे पोट भरतं आणि हाडं उपाशी राहतात. पुष्कळ कुत्र्यांना दूध पचतही नाही, जुलाब होतात आणि लोक जंताचं औषध मागायला येतात. उकडलेलं अंडं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, भोपळा, गाजर, सोबत त्याच्या वयाचं पॅकेटमधलं खाद्य, किती ते डॉक्टर वजन बघून ठरवून देतील. शिजवलेली हाडं बंद, त्याचे भाल्यासारखे तुकडे पडतात, आतडं फाटलेली केस मी टेबलावर धरलेली आहे. आणि शेंगा चटणी बंद, कितीही आवडत असली तरी. त्यात लसूण असतो, लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट पण नाही. द्राक्षांचं मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडं सीझनला घरात क्रेटच येऊन पडतात. तो कायम भुकेला दिसेल त्याला भुलू नका. २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी शोधून काढलं की साधारण चारातल्या एका लॅबच्या जनुकातच असा बिघाड असतो की पोट भरल्याचा निरोपच मेंदूला नीट पोचत नाही.

पॅरासिटामॉलवरून मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. वाचला, नशीब. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचरच १०१ ते १०२.५ असतं, आपल्या हाताला तो जन्मभर गरमच लागणार. माणसाची तापाची, अंगदुखीची गोळी मनानं कधीच नाही, लिव्हर किडनी जाते.

आणि रेबीज. हे राहिलं बहुतेक हा शब्द मला ऐकायचाच नाही. तीन महिन्यांला पहिलं, मग बूस्टर, मग दर वर्षी. तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे, मूल आहे, कुत्रा गुरगुरायला लागलाय आणि त्याला रेबीजची लस नाही. फाइल शोधत बसू नका, नव्यानं सुरू करतील. उद्याच जा.

गुरगुरण्याचं उद्या लिहितो, डोळे मिटायलेत.

एमएच१३_रायडर | २० एप्रिल, रात्री १०:२०

एवढं निबंध वाचायला टाइम कुणाला आहे. पेपरची गुंडाळी करायची, गुरगुरला की नाकावर दोन फटके. आमच्या पप्पांनी असंच सरळ केलेलं. कुत्र्याला कळलं पाहिजे घरात बॉस कोण.

गल्लीतली_चिमी | २० एप्रिल, रात्री १०:४५

रायडर भाऊ, एक विचारते, तुमच्या पप्पांच्या त्या कुत्र्यानं नंतर कुणाला चावलं नव्हतं ना? कारण आमच्या शेजारी हाच प्रयोग झाला होता. गुरगुरणं म्हणजे त्याची बेल आहे हो, मला भीती वाटतीय, लांब व्हा, एवढंच सांगतोय तो. फटके मारून बेल बंद पाडली की तो पुढच्या वेळी न सांगता डायरेक्ट चावतो, आणि मग सगळे म्हणतात अचानक चावला, काही कारण नव्हतं. शेजारच्या पिंट्याच्या हाताला सात टाके पडले, बारका पोरगा.

टफीची आई, माझी चिमी गावठी आहे, नवी पेठेत एका दुकानाच्या पायरीखाली सापडलेली, ती पण भांड्यापाशी कुणाला येऊ द्यायची नाही. उपाशी वाढलेली, तिचा काय दोष. मी काय केलं, ती खात असताना भांड्याला हातच लावला नाही महिनाभर. लांबनं जाता जाता अंड्याचा तुकडा टाकायचा आणि थांबायचं नाही, सरळ पुढं जायचं. दुसऱ्या दिवशी परत. हळूहळू तिचं गणित फिरलं, बाई जवळ आली की भांड्यातलं जात नाही, उलट वाढतं. आता मी जवळ गेले की शेपूट हलवत वर बघते, आज काय आणलंस म्हणून. सासूबाईंना सांगा खातानाचं भांडं उचलायचंच नाही, तो खाऊन दुसरीकडं गेल्यावर उचला. आणि मुलाला तर तोवर अजिबात जवळ सोडू नका, खाताना मिठी मारायला जातात पोरं.

दुसरं फिरण्याचं. लोक कुत्रं फिरवतात म्हणजे ओढत नेतात. अहो त्याला वास घेऊ द्या की! आपल्याला नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साठेक लाख, त्यांना वीस तीस कोटी सांगतात. खांबापाशी पाच मिनिटं थांबला तर तो सकाळचा पेपर वाचतोय असं समजा, आपल्या हातातनं कुणी पेपर ओढला तर आपण पण गुरगुरू. अर्धा तास वास घेत फिरलेली चिमी जेवढी दमते तेवढी तासभर पळवून दमत नाही.

घरातल्या घरात करायला एक सांगते, फुकटचं आहे. जुना टॉवेल घ्या, सोलापुरात काय कमी आहे का टॉवेलला, आडवा पसरा, त्यावर खाण्याचे दाणे पेरा आणि वळकटी करून मधे एक सैल गाठ मारा. पंधरा वीस मिनिटं तो नाकानं, पायानं ती सोडवत बसतो. पहिल्या दोन वेळा समोर बसा, टॉवेलच खायला लागला तर काढून घ्यायचा आणि बदल्यात दुसरं काहीतरी द्यायचं, नुसता ओढून घ्यायचा नाही. फाडायचंच असेल त्याला तर पुठ्ठ्याचे खोके द्या, पिना आणि टेप काढून. चिमीनं आख्ख्या सोसायटीच्या ऑनलाइन खरेदीचे खोके संपवलेत.

विजापूररोडवाला | २१ एप्रिल, रात्री १२:१०

लिहू का नको करत होतो. ताई, शेतावर सोडायचं म्हणता म्हणून लिहितो.

आमच्याकडं जर्मन शेफर्ड होता. शेरू. मी तेव्हा कॉलेजला. असंच, बाबांची बदली, आईला झेपेना, मग नात्यातल्या एकाचं मोहोळकडं शेत होतं तिथं दिला, मोकळं रान आहे, पळंल, खाईल. सोडायला मीच गेलो होतो जीपमधनं. सगळ्यांना वाटतं शेत म्हणजे कुत्र्याचा स्वर्ग. शेतावर त्याला बोअरच्या खोलीपाशी बांधला, कारण सोडला की दुसऱ्याच्या कोंबड्या धरायचा. मग राहिलं काय, इथं गच्ची, तिथं बोअर. फरक एवढाच की इथं संध्याकाळी आम्ही घरी यायचो. पहिल्या महिन्यात मी दोनदा जाऊन आलो, दुसऱ्यांदा गेलो तर तो उठलाच नाही, बसल्या जागेवरनं शेपटीचं टोक दोनदा हलवलं. अंगाला गोचीड लागलेले, कानाच्या आत तुरीच्या दाण्याएवढे. पावसाळ्यात साखळी तोडून गेला म्हणाले. तोडून गेला का सोडून दिला, मी विचारलं नाही.

रानात राहणारी कुत्री वेगळी असतात ताई. मंगळवेढा सांगोल्याकडं धनगरांच्या मागं कारवानी कुत्री बघा, बारीक अंगाची, बरगड्या मोजून घ्याव्यात, उन्हात मैलोन्मैल पळतात, ती त्याच मातीतली आहेत आणि त्यांना काम आहे, कळप आहे. सोफ्यावर वाढलेल्या लॅबला तिथं सोडणं म्हणजे शहरातल्या पोराला एकदम मेंढरामागं धाडल्यासारखं.

द्यायचाच असेल तर द्या, पाप नाही त्यात. पण घर बघून द्या. आधी त्यांच्याकडं जाऊन या, कुत्रा झोपणार कुठं ते विचारा, लसी करून फाइलसकट द्या, आणि जमत नसेल तर परत आणून द्या असं तोंडावर सांगून या. मी हे काहीच केलं नव्हतं.

पेन्शनर_काका | २१ एप्रिल, सकाळी ६:०५

सकाळच्या फेरीहून आलो, आमच्या बाईसाहेब, पामेरियन, वय बारा, आता पाणी पिऊन आडव्या झाल्यात. कोर्टात कारकुनी केली आयुष्यभर म्हणून कायद्याचं तेवढं बोलतो, बाकीचं वरच्यांनी चांगलं सांगितलंच आहे.

सूनबाई, १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये चक्क लिहिलंय की कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तो मालकाचा गुन्हा. लोकांना वाटतं मारलं तरच क्रूरता. आणि दुसऱ्या बाजूनं, आपल्या हलगर्जीपणामुळं आपल्या कुत्र्यानं कुणाला इजा केली तर आता नव्या न्याय संहितेचं कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भीती घालत नाहीये, माहीत असावं. महापालिकेकडं कुत्र्याची नोंद करायची असते तीही चौकशी करून करून टाका. आणि कधी नख लागलं, दात लागला तर हळद चुना काही लावायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि तडक सिव्हिलला जाऊन लस घ्यायची. घरचाच आहे म्हणून सोडायचं नाही.

शेजाऱ्यांचं. ते तिसऱ्यांदा येण्याआधी तुम्ही जा. नुसती माफी नको, काय करताय ते सांगा, आजपासून रात्री आत घेतोय, पंधरा दिवस द्या. माणूस ऐकतो हो. आणि फिरायला जाताना हातात जुनी दुधाची पिशवी ठेवायची, शी उचलायची. आमच्या कॉलनीत निम्मी भांडणं भुंकण्यावरनं नाहीत, गेटसमोरच्या शी वरनं आहेत, लोक उगाच कुत्र्यावर चिडतात, चिडायचं असतं मालकावर.

वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा, संध्याकाळी सव्वासात नंतर. रस्ता तापलाय का बघायचं तर हाताची मागची बाजू डांबरावर ठेवून सात पर्यंत मोजा, हात उचलावा लागला तर घरी जा. रविवारी कंबर तलावाकडं आणत जा पोराला घेऊन, आम्ही असतो.

दवाखान्यातला | २१ एप्रिल, रात्री १०:१५

चिमीच्या ताईंनी माझं काम वाचवलं, गुरगुरण्याचं तेच लिहिणार होतो. फक्त एक जोडतो, अचानक गुरगुरायला लागलेला कुत्रा आधी तपासून घ्यायचा असतो, कान ठणकत असेल, दात दुखत असेल, तर कुठलाच क्लास उपयोगाचा नाही. लसीला जाल तेव्हा सांगा डॉक्टरांना.

रात्री घरात घ्या, पॅसेजमध्ये, दाराशी गोणपाट टाकून. भुंकणं निम्मं तिथंच थांबेल. गच्चीवर एकटा आहे म्हणून तो गल्लीतल्यांना उत्तरं देतोय, आणि दिवसभर झोपा काढल्यावर रात्री कोण झोपेल? सासूबाईंच्या अंगावर उडी मारतो त्याला ओरडू नका, ढकलू पण नका, त्याला ते खेळच वाटतं. सगळ्यांनी पाठ फिरवायची, चारी पाय जमिनीवर आले की लगेच हात लावायचा. घरातल्या एकानं जरी लाड केले उडी मारल्यावर तर पंधरा दिवस वाया, आणि तो एक कोण असतो ते मला माहितीय, सातवीतला.

टफीची_आई | १४ जून, रात्री ९:३०

कुणाला आठवत असेल नसेल, टफीचं सांगायला आलेय. दिला नाही.

त्या आठवड्यात रजा टाकून दवाखान्यात नेला, रेबीज आणि राहिलेली लस झाली, कानात इन्फेक्शन निघालं, डाव्या. म्हणजे महिनाभर दुखत होता त्याचा कान आणि आम्ही म्हणत होतो चिडका झाला. खर्च ऐकून मिस्टर दोन दिवस गप्प होते. पत्र्याचं शेड काढलं, आता जिन्याखाली गार जागा आहे तिथं असतो, साखळी नाही, लाकडाचं बुटकं फाटक करून घेतलंय. दुपारी समोरचा बारावीचा मुलगा येऊन वीस मिनिटं बसतो त्याच्यापाशी, महिन्याचे थोडे पैसे देते मी त्याला. सकाळी साडेपाचला मिस्टर नेतात. हो, मिस्टर! डॉक्टरांनी त्यांची शुगर सांगितली आणि त्याच आठवड्यात कुत्रा फिरवायचा प्रश्न आला, दोन्ही एकदम मिटलं. आता पाऊण तास फिरतात, येताना दोघंही धापा टाकत असतात.

सासूबाईंचं खरं आश्चर्य. चिमीच्या ताईंनी सांगितलेलं मी त्यांना वाचून दाखवलं होतं, त्या काही बोलल्या नाहीत. चारपाच दिवसांनी बघते तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून लांबनं अंड्याचा तुकडा टाकतायत आणि टाकला की पदर सावरून आत पळतायत. आता उंबऱ्याच्या बाहेर आल्यात. परवा मी ऐकलं, त्याला सांगत होत्या, बस, आधी बस, असं काय करतोस, बसल्याशिवाय देत नसते. आणि बसला तो.

सगळं छान झालंय असं नाही. टीव्हीचा रिमोट खाल्ला मागच्या महिन्यात. पाहुणे आले की अजून उड्या मारतो. शेजारी आता हसून बोलतात पण कपडे वाळत घालताना आमच्या भिंतीकडं बघून घालतात. टॉवेलचा खेळ मात्र भारी आहे, आठवड्याला एक टॉवेल जातो पण चादरीपेक्षा स्वस्त.

एक विचारायचं होतं. पाऊस सुरू झाल्यापासनं गोचीड दिसायला लागलेत, आज पायाच्या बोटांच्या मधे दोन सापडले. मुलगा ओढून काढतो म्हणतो. काढू देऊ का?

दवाखान्यातला | १४ जून, रात्री १०:०५

बोटांनी चिरडू नका. बारीक चिमट्यानं अगदी कातडीलगत धरायचा आणि सरळ वर ओढायचा, पीळ द्यायचा नाही, रॉकेल लावायचं नाही, काढून साबणाच्या पाण्यात टाकायचा आणि हात धुवायचे. कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, शेपटीखाली पण बघा. दोन दिसले म्हणजे न दिसलेले असतातच, तो झोपतो ती जागा, भिंतीच्या फटी झाडून घ्या. या आठवड्यात येऊन गोचिडांचं औषध घेऊन जा, वजनावर असतं ते, अंदाजानं घालू नका. गोचिडातनं ताप येतो, कुत्रा एकदम मलूल होतो, खात नाही, कधी नाकातनं रक्त येतं. आत्ता ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी आहेत का पांढुरक्या ते लिहा.

टफीची_आई | १४ जून, रात्री १०:२०

बघितल्या. गुलाबी आहेत. पण दातात एक मोरपंखी दोरा अडकलाय, आणि आमच्या घरात आता तशी चादर एकच उरली होती.